तुम्ही विचारलंत म्हणून: डच समुद्रचित्रांतलं आकाश इतकं राखाडी का?

सतराव्या शतकातली डच गलबतांची चित्रं पाहिली की हा प्रश्न येतोच. तिकडे ढग असतात हे खरं, आणि यान पोर्सेलिससारख्या चित्रकारांनी तर मुद्दाम करड्या छटांतच रंगवलं. पण त्या काळातली कित्येक आकाशं रंगवली तेव्हा निळी होती. तो निळा पुढे उडून गेला.

लाजवर्द या निळ्या दगडापासूनची निळाई अफगाणिस्तानातून यायची, फार महाग. त्यामुळे मोठ्या आकाशाला स्मॉल्ट वापरत, म्हणजे कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड. जर्मनीतल्या सॅक्सनीतलं कोबाल्टचं खनिज भाजायचं, वाळू आणि पोटॅशसोबत (लाकडाच्या राखेतला क्षार) वितळवायचं आणि तो रस गार पाण्यात ओतायचा. काच तडकते. ती दळून पाण्यात निथळायची. जाड कण आधी तळाला बसतात आणि तेच सर्वांत गडद. गेरू दगडावर मनसोक्त घोटता येतो, स्मॉल्ट मात्र घोटला की फिका पडतो. म्हणून रवाळ ठेवायचा, तर तो रंग कालवायच्या तेलात खाली बसतो आणि उभ्या कापडावर ओघळतो.

एवढं सांभाळूनही घात नंतर होतोच. जवसाच्या तेलात वर्षानुवर्षं आम्लं तयार होतात आणि ती काचेतलं पोटॅशियम ओढून घेतात. मग कोबाल्टभोवतीची रचना बदलते आणि निळा विझतो. त्यात तेलही पिवळं पडतं. शिशाचा सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, भरपूर मिसळला असेल तिथे निळा बराच टिकतो, कारण शिसं त्या आम्लांना बांधून ठेवतं. म्हणजे चित्रकाराने गडद निळा हवा म्हणून सफेदा कमी घातला, नेमकं तिथलंच आकाश जास्त बिघडलं. मला याची फार हळहळ वाटते.

हा सफेदा करणं तर जिवावरचं काम. मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याची गुंडाळी, आणि अशी भांडी घोड्याच्या लिदीत रचून सुमारे तीन महिने बंद. लिदीची ऊब आणि तिच्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, व्हिनेगरची वाफ, यांनी शिशावर पांढरा पापुद्रा चढतो. तो सोडवून दळताना उडणाऱ्या धुळीने कामगारांना शिशाची विषबाधा व्हायची.

लाकडावरच्या चित्रांत आणखी एक गोष्ट होते. बाल्टिककडून आलेल्या ओकच्या फळीवर सरस आणि खडूचा पातळ लेप, त्यावर तितकाच पातळ रंग. काळाबरोबर हे थर पारदर्शक होत जातात आणि खालचं लाकूड डोकावतं. आकाशात आडव्या तपकिरी रेघा दिसल्या तर जवळ जाऊन पाहा. बहुतेक वेळा त्या ओकच्या असतात.