बाबांची क्लिप

बाबांच्या पिढीतल्या सायकलवाल्यांकडे एक क्लिप असायचीच. स्टीलच्या पातळ पट्टीची, तोंड उघडं राहिलेल्या वाळ्यासारखी. उजव्या पायाची पँट घोट्यापाशी दुमडायची आणि वरून ती चढवायची, म्हणजे कापड चेनमध्ये जात नाही आणि ग्रीसचा काळा पट्टा उमटत नाही. नारायण पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यापर्यंत बाबांनी तिसेक वर्षं अशी क्लिप लावून सायकल हाणली. घरी आले की आधी क्लिप काढून चपलांच्या रॅकच्या कडेला अडकवायची, मग चहा. तिचा वळ रविवारीसुद्धा पायावर दिसायचा. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी घरात जाहीर केलं की आता मी क्लिपलेस पेडल घेणार आहे, तेव्हा बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि विचारलं, “क्लिप नाही? मग पँट चेनमध्ये जाईल की.”

चूक बाबांची नाही, नावाची आहे. शर्यतीत उतरणारे सायकलवाले पूर्वी पेडलच्या पुढे धातूचा एक सांगाडा लावत, बुटाचं टोक त्यात घालत आणि वरून चामड्याचा पट्टा आवळत. तो सांगाडा म्हणजे टो क्लिप. घोडेस्वाराच्या रिकिबीतलाच प्रकार, फक्त थांबायच्या आधी खाली वाकून हाताने पट्टा सैल करायचा. १९८४ साली लुक या फ्रेंच कंपनीने सांगाडा आणि पट्टा दोन्ही काढून टाकले. बुटाच्या तळाला एक चपटा तुकडा, म्हणजे क्लीट, आणि पेडलमध्ये स्प्रिंगचा खटका. चवडा दाबला की टक् करून अडकतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बेर्नार इनो ही पेडलं लावून टूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत पाचव्यांदा जिंकला आणि टो क्लिपांचे दिवस भरले. क्लिप गेली म्हणून क्लिपलेस. आणि आमच्या ग्रुपमधले सगळे दर रविवारी या क्लिप नसलेल्या पेडलात ‘क्लिप-इन’ होतात, सिग्नलला ‘अनक्लिप’ करतात. कोणालाही यात काही खटकत नाही.

आमचा ग्रुप म्हणजे पहाटे साडेपाचला कोथरूड डेपोपाशी जमणारी दहा-बारा माणसं. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, आणि अंगात असेल तर मुळशी. मी त्यात साध्या सपाट पेडलांवर, साध्या कापडी बुटांत. कोणी हसलं वगैरे नाही, पण लोकांना सल्ला देण्याची जी तळमळ असते ती होतीच. “ताई, तुम्ही फक्त खाली दाबताय. वर येताना पाय नुसता बसून येतोय. निम्मी ताकद वाया.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पिरंगुटच्या चढावर माझ्या डाव्या पायाकडे बघून मला उजव्या पायाची कीव यायला लागली. मी बँकेत काम करते. निम्मं वाया जातंय असं कोणी सांगितलं की स्वस्थ बसवत नाही.

पेडलं आणली आणि घरीच बसवायची ठरवली. उजवं जुनं पेडल १५ च्या पान्याने एका झटक्यात निघालं. डावं हलेना. मी जोर लावला, पाना पायाखाली धरून त्यावर उभी राहिले, मुलाला बोलावलं, त्यानेही जोर लावला. शेवटी सायकल ढकलत गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी पाना उलट्या बाजूने लावला, आणि आम्ही दोघांनी अर्धा तास खपून जे आवळून ठेवलं होतं ते कुरकुरत सोडवलं. “डाव्याचे आटे उलटे असतात ताई. उजवा सुलटा, डावा उलटा.” का, असं विचारल्यावर ते म्हणाले, नाहीतर चालवता चालवता गळून पडेल. घरी येऊन वाचलं तर काकांचं अगदी बरोबर. पाय फिरतो तसा पेडलवरचा भार आसाभोवती फिरत राहतो आणि त्याने आस आपल्या भोकात कणाकणाने उलट दिशेला सरकतो. डावीकडे सुलटे आटे असते तर त्या सरकण्याने पेडल सैल होत गेलं असतं. उलटे आहेत म्हणून आवळलं जातं. चाळीस वर्षं सायकल चालवून मला हे माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

आता पडण्याचं सांगायला हवं. क्लिपलेसवाला प्रत्येक जण एकदा तरी पडतो, आणि सगळ्यांचं पडणं एकाच जातीचं असतं: सायकल थांबलेली असताना. उतारावर, ताशी चाळीसने जाताना कोणी खटक्यामुळे पडल्याचं मी तरी पाहिलं नाही. मी पडले तिसऱ्या रविवारी, म्हणजे भीती गेल्यावर. भूगावात पुढे टेम्पो अडकला होता. मी शिकवल्याप्रमाणे डावी टाच बाहेर वळवली, टक् आवाज आला, डावा पाय मोकळा. सगळं व्यवस्थित. मग पुढचं चाक डांबराच्या फुटलेल्या कडेवर चढलं आणि सायकल, माझा कसलाही विचार न घेता, उजवीकडे कलली. उजवा पाय अजून खटक्यात. डावा पाय हवेत, पूर्ण स्वतंत्र आणि पूर्ण निरुपयोगी.

त्या पडण्याला वेळ फार लागला. समोर शहाळ्याची हातगाडी होती. शहाळेवाल्याचा कोयता वर गेलेला मला दिसला आणि तो वरच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग मी उजव्या कुशीवर, हँडल घट्ट धरून, बसल्या आसनातच आडवी झाले. तो धावत आला. त्याने आधी सायकल उचलली, तर सायकलीबरोबर माझा पायही वर. त्याने परत खाली ठेवली. बुटाला आणि पेडलला आळीपाळीने बघितलं. “मॅडम, बांधलाय का पाय?” मी म्हटलं, हो. “कशाला?”

याला तिथे आडवं पडून देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोपर खरचटलं होतं, बाकी ठीक. शहाळ्याचे पैसे त्याने घेतले.

त्यानंतर मी जरा वाचत सुटले. निम्म्या ताकदीचा हिशेब बराचसा फुगवलेला निघाला. आपण सरळ रस्त्यावर लयीत चालवत असतो तेव्हा वर येणारा पाय फारसं काही खेचत नाही, क्लिपलेसवरही नाही. फार तर तो स्वतःचं वजन हलकं करतो, बाकीचं काम दुसरीकडून खाली जाणारा पाय करतो. मुद्दाम खेचून चालवलं तर शरीराचा एकूण खर्च उलट वाढतो, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. छोट्या खड्या चढावर, किंवा कोणाला गाठायचं असताना, चार-सहा फेरे खेचता येतं आणि तेवढ्यापुरता फायदाही होतो. माझ्या बाबतीत गाठायला पुढे कोणी दिसतच नसतं, ती गोष्ट वेगळी.

मग क्लिपलेसचं सुख कशात आहे? पाय जागचा हलत नाही यात. पिरंगुटच्या उतारावर गतिरोधकाच्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने येतात, सायकल हुडहुडी भरल्यासारखी थडथडते, तेव्हा सपाट पेडलवरचा पाय उडत असतो आणि क्लिपलेसवरचा आपल्या जागी असतो. पावसात हा फरक फारच जाणवतो. ओल्या सपाट पेडलवरून बूट सटकला की पेडल फिरून नडगीवर येतं. माझ्या डाव्या नडगीवर सपाट पेडलाच्या खिळ्यांचे चार ठिपके एका रांगेत आहेत. तुळशीच्या लग्नापर्यंत काळे होते, आता पांढरे झालेत. बुटाचा तळ कडक असतो, त्यामुळे तीन तासांनंतर चवड्याला मुंग्या येत नाहीत, हेही आहे.

पण जागचा न हलणारा पाय चुकीच्या जागी बसवला असेल तर तोही जागचा हलत नाही. माझ्या उजव्या बुटाची क्लीट मी दोरी न लावता, नजरेने, किंचित आत वळलेली बसवली होती. मुळशीला जाऊन यायला मला चार तास लागतात. मिनिटाला ऐंशी फेरे धरले तर १९,२०० वेळा गुडघा थोडा थोडा आत. सोमवारी बँकेचा जिना उतरताना तो बोलायला लागला. क्लीट्सनासुद्धा थोडी मोकळीक ठेवलेली असते, हे मला तेव्हा कळलं. शिमानो कंपनीच्या रोड सायकलींसाठीच्या क्लीट्समध्ये पिवळ्या रंगाची ६ अंश हलू देते, निळी २ अंश, लाल अजिबात नाही. माझ्याकडे लाल होत्या. दिसायला छान म्हणून निवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पिवळ्या लावल्या, दुरुस्त करून सरळ बसवल्या, गुडघा महिन्याभरात गप्प झाला.

लुक कंपनीबद्दल वाचताना मात्र एक गोष्ट सापडली आणि ती मनात घर करून बसली. ही कंपनी आधी बर्फावरच्या स्कीचे खटके बनवायची. स्कीवरून माणूस पडला की बूट आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर लांब पट्टीच्या तरफेने पाय मोडतो. म्हणजे या यंत्राचं मूळ काम पाय सोडवणं हे होतं. पेडल निवडताना आम्ही ग्रुपमध्ये सगळे किती घट्ट, किती वेग, किती ताकद एवढंच बोलतो. मला विचाराल तर प्रश्न एकच आहे: तुमच्या रस्त्यावर दर किती मिनिटांनी पाय टेकवावा लागतो? पौडच्या पुढे अर्धा तास लागत नाही. कर्वे रोडला दर चाळीस पावलांवर लागतो. रिक्षा वळते, बस थांबते, कोणीतरी दार उघडतं, कुत्रं पोटरीच्या दिशेने निघतं. कुत्र्याला दाखवायला पाय मोकळा हवा, हा सपाट पेडलाचा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मधला मार्गही करून पाहिला. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला खटका असलेली पेडलं मिळतात. त्यांचा स्वभाव नाणेफेकीसारखा आहे: आपल्याला हवी ती बाजू कधीच वर येत नाही. सिग्नल सुटला, मागून हॉर्न, आणि आपण मान खाली घालून पेडल उलटतंय, पुन्हा उलटतंय. दोन महिन्यांत काढली. ती आता मुलाच्या सायकलला आहेत आणि त्याला त्यांचं काहीच वाटत नाही.

सध्या असं आहे. रविवारची सायकल क्लिपलेसवर. त्यातही तीन बोल्टच्या रोड क्लीट्स गेल्या आणि दोन बोल्टच्या, तळाच्या खाचेत लपणाऱ्या आल्या, कारण पौडला मिसळीच्या हॉटेलात ओल्या फरशीवर मी एकदा प्लेटसकट घसरता घसरता वाचले. तीन बोल्टच्या त्या प्लॅस्टिकच्या क्लीट्सवर चालणं म्हणजे टाचा नसलेल्या बुटांत उंच टाचा. लहान क्लीट्समध्ये निदान माणसासारखं चालता येतं. लाल मातीचा चिखल खाचेत भरला की पाय अडकायलाच तयार होत नाही, मग सायकलला टेकून काडीने कोरत बसायचं. आणि रोजची, लक्ष्मी रोडला जायची जुनी सायकल सपाट पेडलांवर.

एका संध्याकाळी बाबा गॅलरीत माझा क्लीटवाला बूट हातात घेऊन बसले होते. सायकल भिंतीला टेकवलेली. त्यांनी बूट हाताने पेडलवर दाबला. टक्. वळवला. टक्. पुन्हा दाबला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस पाचेक मिनिटं तेवढंच करत होता. मग बूट खाली ठेवत म्हणाले, “अगं, क्लिप आहे की यात.” आणि उठून आत गेले. आले ते रॅकच्या कडेची आपली क्लिप घेऊन. “रोजच्या सायकलला घे. सलवारीचं काही खरं नसतं.”

मला ती जरा घट्ट होते. बँकेत पोचल्यावर काढायची राहून जाते आणि मग दिवसभर पायातच. मागच्या महिन्यात पेन्शनच्या दिवशी मी फॉर्म द्यायला काउंटरच्या बाहेर आले, तर रांगेतले एक आजोबा माझ्या घोट्याकडे बघतच राहिले. मला वाटलं ग्रीस लागलंय. ते काठी सावरत पुढे झाले आणि हळूच म्हणाले, “कुठे मिळाली हो ही? माझी हरवली.”