लोकरीचा फेसहगर, सहा बोटं झाली दोन बाकी

एलियन पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्धा पिक्चर मी उशीच्या आडून बघितला होता. आणि आता त्याच पिक्चरमधला तो तोंडाला चिकटणारा प्राणी माझ्या मांडीवर उताणा पडलाय, पोटातून कापूस बाहेर, सहा बोटं लावून झालीत, दोन राहिलीत.

याची सुरुवात झाली अंड्यापासून. तो सीन आठवत असेलच, जहाजावरचा केन वाकून बघतो आणि अंड्याच्या आत काहीतरी वळवळतं. ते वळवळणारं म्हणजे दिग्दर्शक रिडली स्कॉटचे स्वतःचे हात होते, रबरी हातमोजे घालून! हे कळलं आणि माझी भीतीच गेली राव. मग अजून वाचत गेले तर कळलं की मेलेला फेसहगर उलटा करून तपासतात ना, त्याच्या पोटातला तो सगळा ऐवज म्हणजे शिंपल्यांतले जीव, कालवं आणि मेंढीचं मूत्रपिंड. 1979 चा पिक्चर, कोणीतरी बसून हाताने चिकटवलंय, शिवलंय, रंगवलंय. म्हंटलं मग हे लोकरीत का नाही जमणार, आपण पण तेच करतो की.

तर अंडं. खालून मॅजिक रिंगमध्ये (दोरा ओढून आवळता येणारा गोल) 6 मुके खांब (क्रोशाचे साधे, बुटके टाके), दर राउंडला 6 वाढवत 48 पर्यंत, मग बरेच राउंड सरळ, मग घटवत 40 आणि 32. खरी मजा इथून पुढे. गिगरने (तोच तो स्विस चित्रकार, एलियनचं सगळं रूप त्याचंच) अंड्याला आधी एकच उभी चीर दिली होती, ती फारच म्हणजे फारच सूचक दिसते असं निर्मात्यांकडून आलं, मग अधिकच्या खुणेसारखं तोंड केलं आणि त्याच्या चार पाकळ्या झाल्या. विणणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल म्हणजे लॉटरीच, कारण 32 ला चाराने भागलं की 8, प्रत्येक पाकळी 8 टाक्यांची वेगळी विणायची, जा-ये ओळींत, शेवटी 2 टाके उरेपर्यंत घटवत. आतून तशाच चार गुलाबी पाकळ्या केल्या, आतली-बाहेरची जोडून कडेने मुके खांब घातले आणि ते घालताना मध्ये बारीक तार धरली. तार नसेल तर पाकळ्या कोमेजल्यासारख्या पडतात, माझ्या पहिल्या अंड्याच्या पडल्या होत्या.

आईने ते बघून विचारलं, "टोपी कोणाची गं ही?" मी सांगितलं अंडं आहे, परग्रहावरच्या प्राण्याचं. तिने उलटं करून आतली बाजू बघितली (ती नेहमी आधी आतली बाजूच बघते), म्हणाली, "शेवट नीट लपवलेत पण." एवढं सर्टिफिकेट मला बास.

फेसहगरने मात्र रडवलं. पॅटर्नमध्ये सगळीकडे डीसी (डबल क्रोशे) लिहिलेलं, मी डोळे झाकून अमेरिकन समजून उभे खांब, म्हणजे उंच टाके, घालत गेले. आख्खं धड झालं, कापूस भरला, आणि सगळीकडून कापूस डोकावतोय, म्हणजे प्राणी कमी आणि फाटकी उशी जास्त. मग डोक्यात प्रकाश पडला की पॅटर्न ब्रिटिश आहे, त्यांचा डीसी म्हणजे आपला मुका खांब. उसवलं सगळं. नवीन शिकणाऱ्यांनो, पॅटर्न हातात घेतल्यावर आधी हे बघा, पॅटर्नमध्ये कुठेतरी एससी (सिंगल क्रोशे) दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिशांकडे एससी नावाचा टाकाच नसतो.

बोटं आठ. प्रत्येक म्हणजे 6 टाक्यांची बारीक नळी, आत तार, आणि सांध्याच्या जागी त्याच लोकरीचा दोरा दोन वेढे देऊन घट्ट आवळायचा, लगेच हाडं दिसायला लागतात. तारेची टोकं वळवून दुमडा, नाहीतर चिकटायच्या आधीच टोचेल. शेपटी मी मुद्दाम लांबच्या लांब केलीय, कारण पिक्चरमध्ये ती केनच्या गळ्याला वेढे घालून बसते आणि काढायला गेलं की अजून आवळते, तर माझी शेपटी मफलर आहे. हो, घालून बाहेर जाणार आहे.

मफलरवरून आठवलं, दुसरा प्रोजेक्ट, काळी शाल. सुयांवरची, 2 सुलट 2 उलट, मध्ये मध्ये वेण्या, म्हणजे बरगड्या आणि पाइप एकातएक गुंतल्यासारखं दिसावं, गिगरच्या चित्रांत दिसतं तसं. रात्री काळी लोकर विणणं म्हणजे स्वतःवर काढलेला सूड आहे, टाकेच दिसत नाहीत. मांडीवर पांढरा टॉवेल घेतला की जरा फटी दिसतात. तरी एक टाका गळलाच, आणि मला कळलं वीसेक ओळींनंतर, तोपर्यंत तो शिडीसारखा खाली खाली धावत गेलेला. हुकने वर आणता आला असता, नेहमी तेच करते. पण ती उभी फट बघून मला तो सीन आठवला, फेसहगरला चिरा देतात, त्याचं रक्त अॅसिड, अंतराळ जहाजाचा एकेक मजला जाळत खाली जातं आणि सगळे जिन्यांवरून खाली पळतात पुढचं भोक बघायला. मग फट तशीच ठेवली, कडेने पोपटी-पिवळ्या लोकरीने टाके घातले, खाली दोन थेंब लोंबते सोडले. शालीतला सगळ्यात भारी भाग आता तोच आहे आणि तो चुकून झालाय हे मी फक्त इथे सांगतेय.

जोन्सी पण केलाय, तो केशरी बोका. एका संध्याकाळीत झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त पट्टे जरा गडद हवे होते. जहाजावरच्या सात जणांमधली एकटी रिप्ली वाचते आणि हा बोका (इतक्या वर्षांनी याला स्पॉयलर म्हणू नका प्लीज), त्यामुळे तो सेटमध्ये हवाच होता.

आता अडलंय कुठे, तर सहाव्या बोटाला फिकट बदामी लोकर संपली. त्याच शेडचा दुसरा गुंडा आणला, नंबर तोच पण डाय लॉट (रंगवण्याची खेप) वेगळा, आणि उजेडात धरला तर जरासा गुलाबी मारतोय. चार दिवस मागवायची का, मागवायची का चाललं होतं. शेवटी ठरवलं की गुलाबी दोन बोटं शेपटीजवळच्या बाजूला लावायची, गळ्यात घातल्यावर ती केसांखाली जातात. आईला दिसणारच, ती मागूनच बघते.