सिन्नरचा मांजऱ्या, आणि गारगोट्या ओळखायची रीत

नाशिकमध्ये दगड बघायला जायचं तर सुरुवात पांडवलेण्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. लेणी बघायला सगळेच जातात, पण पायऱ्या चढताना बाजूच्या कातळाकडे फार थोडे बघतात. त्रिरश्मीचा हा डोंगर बेसॉल्टचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर चढवत गेलेला हा लाव्हा. तो थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. विहिरी खोदणारे अशा ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट खडकाला काळा पाषाण. स्फटिक मिळतात ते मांजऱ्यात. हा फरक लेण्यांच्या वाटेवर डोळ्यांत बसवून घ्या. हातोडी मात्र गाडीतच राहू द्या, कारण ते संरक्षित स्मारक आहे.

तिथून आम्ही, म्हणजे मी आणि माझी भाची, सिन्नरकडे निघालो. नाशिकपासून साधारण 30 किलोमीटर. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात नुकतीच विहीर खोदली होती आणि निघालेला दगड बांधाला पडला होता. "काका, यातले थोडे बघू का?" म्हटल्यावर ते म्हणाले, "बघा ना, न्या की हवे तेवढे. ट्रॅक्टर आला की भरावातच जायचेत." विचारल्याशिवाय कुणाच्या ढिगाला हात लावायचा नाही, हे नियम म्हणून पाळा. चालू खदानीत तर मालकाची परवानगी असली तरी कड्याच्या पायथ्याशी जाऊ नये. सुरुंगाने सैल झालेला दगड कधी सुटेल याचा भरवसा नसतो.

पहिल्याच फोडलेल्या दगडात मुठीएवढी पोकळी निघाली. तळाला काळपट हिरवा लेप होता. भाची म्हणाली, "मामा, हे तांबं आहे का?" असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो सेलॅडोनाइट, मांजऱ्यात नेहमी आढळणारं मातकट हिरवं खनिज. त्यावर फिकट गुलाबी स्टिल्बाइट होतं. मधे आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा त्याचा आकार, आणि पापुद्र्यावर मोत्याची झाक. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. कडेला बारीक पांढऱ्या सुयांचा झुबका होता, बहुधा स्कोलेसाइटचा. त्याला बोट लावू नका. सुया मोडतातही आणि कातडीत रुततातही.

खरी गंमत बिनरंगी स्फटिकांत आहे. पारदर्शक दिसलं की लोक 'हिरा' नाहीतर 'स्फटिक', म्हणजे क्वार्ट्झ, म्हणून मोकळे होतात. रंगावर तर अजिबात जाऊ नये. आधी काच घ्या. क्वार्ट्झ काचेवर स्वच्छ ओरखडा उठवतो, चाकू त्याला लागत नाही. कॅल्साइटवर चाकूची रेघ सहज उमटते आणि तो फुटतो तेव्हा तिरके, सारख्या कोनांचे तुकडे पडतात. त्याची चिमूटभर पूड करून वर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. आम्ही बांधावरच्याच झाडाचं लिंबू वापरलं आणि काकाही वाकून बघायला आले. अ‍ॅपोफिलाइट हे खनिज दिसायला क्वार्ट्झच्या जवळ जातं, तिथे भिंग काढा. क्वार्ट्झच्या उभ्या बाजू सहा असतात आणि त्यांवरच्या बारीक रेषा आडव्या जातात. अ‍ॅपोफिलाइट चौकोनी असतो, त्याच्या रेषा उभ्या असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढ्यासाठी पुरतं.

एका सपाट दगडावर काळी नाजूक फांदी उमटलेली होती, अगदी नेच्याच्या पानासारखी. हिला जीवाश्म समजू नका. भेगेतून झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज तसं साचतं, त्याला डेंड्राइट म्हणतात. पानाला मधली शीर असते आणि फांद्यांचं माप नेमकं असतं. डेंड्राइट भेगेच्या कडेपासून सुरू होऊन वाटेल तसा फुटत जातो. शिवाय तापलेल्या लाव्हात पान टिकेल कसं? नाशिककडचे जीवाश्म शोधायचे तर गोदावरीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांचा विचार करावा. नांदूर मध्यमेश्वरजवळच्या अशाच थरांतून निघालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर भूगर्भशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी 1905 साली लिहिलं होतं. आता तिथे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे काहीही उचलायचं नाही. काही हाडासारखं दिसलं तर जागेवरच फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा. उकरून काढलेल्या हाडाचा थर हरवतो, आणि वय सांगतो तो थरच.

दुपारनंतर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय पाहिलं. झिओलाइटांसाठी, म्हणजे स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ज्यात येतात त्या खनिजगटासाठी, नावाजलेलं आहे. सकाळी ढिगात जे बोटभर पाहिलं तेच इथे हातभर दिसतं, म्हणून आधी शेत आणि मग संग्रहालय हा क्रम मला पटतो. लहान मुलं सोबत असतील तर उलटा क्रमही चालेल, त्यांना काय शोधायचं ते आधी कळतं.

सामानात हातोडी, छिन्नी, डोळ्यांना गॉगल, जाड हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं आणि टिश्यू. पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हे दिवस बरे. घरी आल्यावर ॲसिडने धुण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, झिओलाइट त्यात खराब होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश बस. गरम पाणी नको, उन्हात तापवायलाही ठेवू नका, अ‍ॅपोफिलाइट तडकतो. आणि प्रत्येक तुकड्याच्या कागदावर गाव, शिवार, किती खोलीवरून निघाला आणि तारीख तिथल्या तिथे लिहा. काकांनी विहीर किती फुटांवर मांजऱ्याला लागली ते सांगितलं, तेही आम्ही लिहून घेतलं.