बांधावरचं मारवेल

आमच्या माण तालुक्याकडं माळरानावर पावसाळ्यात गवत उगवतंच, पण त्यात अर्धं कुसळी, एकदा का कुसळ धरलं की जनावर तोंड लावत नाही आणि मेंढरांच्या लोकरीत घुसतं ते वेगळंच. म्हणून आम्ही बांधावर मारवेल हे चाऱ्याचं गवत लावलंय. ओळखायला सोपं, कांडीच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि तुरा जांभळट, बोटं पसरल्यासारखा.

बी पेरायच्या भानगडीत पडू नका राव, ते इतकं हलकं आणि केसाळ की वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या रानात जातं, त्यापेक्षा जून-जुलैत चांगला पाऊस झाला की मुळासकट ठोंब फोडून दीड बाय एक फुटावर लावायचे, राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले मारवेल ०६-४० हे वाण मिळालं तर उत्तमच. सुरुवातीला एक खुरपणी मात्र चुकवायची नाही, नंतर तेच तणाला दाबतं. पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी, फुलोऱ्यात येताना, जमिनीपासून चार बोटं वर ठेवून. उशीर केला की काड्या निबर होतात आणि आमची खिल्लार गाय पाला तेवढा खाऊन काड्या गव्हाणीत ठेवते.

नेपियर गवताएवढा चाऱ्याचा ढीग निघत नाही हे खरं, पण नेपियरला पाणी कुठून आणायचं? हे उन्हाळ्यात वाळल्यासारखं दिसतं आणि वळीव पडला की बुडातनं परत फुटतं.