इन्व्हर्टरच्या बॅटरीचा आठ वर्षांचा हिशोब – माझा अनुभव

आमचं घर जळगावला, मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि लाईट नेमकी दुपारी जाते, त्यामुळे इन्व्हर्टर लागतोच. २०२२ च्या मे मध्ये दुसरी बॅटरी निकामी झाली तेव्हा सगळ्या पावत्या काढून हिशोब मांडला.

पहिली घेतली मार्च २०१४ ला, साधी फ्लॅट प्लेटवाली, ९,५०० ला. अडीच-पावणेतीन वर्षांत संपली. बाबा तिच्यात फिल्टरचं पाणी टाकायचे, पाणी ते पाणी असं वाटायचं, पण त्यात क्षार असतात, डिस्टिल्ड वॉटरच लागतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा पाणी जास्त झालं आणि चार्जिंगला अॅसिड बाहेर आलं, बाबांनी ते फडक्याने पुसलं, पॅन्ट धुतल्यावर मांडीवर बारीक बारीक छिद्रं. वॉरंटी कार्डावर ३६ महिने होते पण त्यातले १८ च बदलून देण्याचे, पुढचे १८ फक्त सूट, तीही एमआरपीवर, आणि जुनी बॅटरी त्यांनाच द्यायची. दुकानात एमआरपीपेक्षा बरीच स्वस्त मिळते, वर भंगाराचे पैसे वेगळे, म्हणजे ती सूट घेऊन फायदा काहीच नव्हता. मला याचा अजूनही राग येतो, घेताना हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

दुसरी ट्यूब्युलर (सपाट प्लेटांऐवजी नळीसारख्या प्लेटांची), १५० एएच (म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता), १३,८०० ची, जुनीचे १,७०० वजा. साडेपाच वर्षं चालली. मेकॅनिकने हायड्रोमीटर (अॅसिडची घनता मोजायची नळी, आकडा कमी म्हणजे सेल कमजोर) घातला, पाच सेल १२२० च्या आसपास आणि सहावा ११०० वर. त्याचं झाकण काढून टॉर्च मारला तर प्लेटा उघड्या आणि वर पांढरं साचलेलं. पश्चिमेच्या भिंतीला ठेवलेली, उन्हाळ्यात पाणी भराभर आटायचं आणि आमचं दोन-दोन महिने लक्ष नसायचं. सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात, एक गेला की अख्खी बॅटरी गेली.

दोन्ही बॅटऱ्यांचे २१,६००, डिस्टिल्ड वॉटरचे १,५००, सर्व्हिसिंगचे १,२००, आणि दुसरी भंगारात ३,६०० ला गेली ते वजा, झाले २०,७००. म्हणजे महिन्याला साधारण २१० रुपये, आणि चार्जिंगची वीज यात धरलेलीच नाही. लिथियमची किंमत विचारली, दुपटीच्या वर, तेवढे एकदम काढणं जमलं नाही म्हणून परत ट्यूब्युलरच घेतली.

पण आता ती उत्तरेच्या पॅसेजमध्ये आहे, मिक्सर तिच्यावर चालवायचा नाही, आणि दर १ तारखेला बॅटरी चार्ज झाल्यावर आई फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी कांडी) बघते, उन्हाळ्यात १५ दिवसांनी. टर्मिनलवर हिरवट काही धरलं की सोड्याचं गरम पाणी आणि मग व्हॅसलीन. मागच्या महिन्यात मी स्वतः हायड्रोमीटर लावला, सहाही सेल १२५० च्या वर आहेत.