मावा नको, कडूपणाही नको

गेले सहा दिवस रोज सकाळी सातला नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या वावरात असते. हातात भिंग आणि वही, ओच्यात मुरमुरे. लेट्यूसच्या एका झाडाचं पान चाखायचं, मुरमुरे खाऊन तोंड साफ करायचं, मग पुढचं झाड. विसाव्या झाडानंतर जीभ काही सांगेनाशी होते, म्हणून दिवसाला वीसच.

बाबांनी या वावरात जन्मभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, केली. 2020 च्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडून विहिरीजवळचे दोन गुंठे मागून घेतले आणि लेट्यूस लावला. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात धरमपेठ, सदरकडच्या हॉटेलांत माल जायचा, पैसेही बरे मिळायचे. पण संक्रांत सरली की दोन दुखणी सुरू. ऊन चढलं की झाड डेंगळ्यावर यायचं, म्हणजे मधून फुलांचा दांडा वर काढायचं, पान तोडलं की पांढरा चीक गळायचा आणि पान कडूजहर. दुसरं दुखणं मावा, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. आतल्या कोवळ्या पानांच्या चुण्यांत तो असा दडतो की वरून झाड निर्मळ दिसावं. पालक निदान शिजतो. लेट्यूस कच्चाच ताटात जातो, त्यावर औषध मारायला माझा हात धजत नाही.

म्हणून आपलंच बी धरायचं ठरवलं, आणि पहिल्याच वर्षी मोठी चूक केली. पाकीट मिश्र होतं, त्यात पाच-सहा तऱ्हेची झाडं. ज्याला आधी फुलं आली त्याचं बी आधी पिकलं, तेच मी जपून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात अर्धा वाफा जानेवारीतच तुऱ्यावर! सगळ्यांत उतावीळ झाड नेमकं मीच निवडलं होतं. तेव्हापासून उलटं करते. जे झाड सगळ्यांच्या शेवटी तुरा काढेल, बी त्याचंच.

पुढे दोन झाडं मनात भरली. एक हिरवं, झालरीच्या पानांचं, फेब्रुवारीतही गोड, पण माव्यानं भरलेलं. दुसरं तांबडं. त्याच्यावर मावा जवळजवळ नसायचाच, पण पान तोंडात धरवत नव्हतं. या दोघांचा संकर करायचा ठरवला.

लेट्यूसचा संकर नाजूक काम आहे. हे शेवंती-झेंडूच्याच कुळातलं झाड. एवढंसं पिवळं फूल दिसतं ते खरं तर पंधरा-वीस फुलांचा गुच्छ असतो, प्रत्येक पाकळी म्हणजे एक अख्खं फूल. तो एकाच सकाळी काही तास उमलतो आणि मिटला की मिटला. पुंकेसरांची नळी असते. तिच्यातून स्त्रीकेसर वर सरकतो तोच आपले पराग अंगाला लावून घेत, त्यामुळे बाहेरचा पराग यायच्या आत काम झालेलं असतं. म्हणून स्त्रीकेसर वर डोकावताना पाण्याचा बारीक फवारा मारून पराग धुवायचे, टिपकागदानं पाणी टिपायचं, पुन्हा फवारा, पुन्हा टिपायचं. मग नर झाडाचं फूल आणून त्यावर हलकेच टेकवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. 2023 च्या फेब्रुवारीत मी अशी सत्तावीस फुलं केली. हिरवं झाड मुद्दाम मादी ठेवलं होतं. तांबडा रंग वरचढ असतो, त्यामुळे रोप तांबडं आलं तरच संकर साधला असं समजायचं. तीस रोपांत अकरा तांबडी आली. त्या दिवशी मी वाफ्याजवळून उठलेच नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या पिढीत होती. त्या तांबड्यांच्या बियांची 140 झाडं लावली, एकालाही औषध नाही. कमी माव्याची 19 निघाली. त्यातली 13 कडू, पण 6 खाण्यासारखी! म्हणजे कडूपणा आणि माव्याला नकार एकाच गाठीत बांधलेले नाहीत, ते सोडवता येतात. त्या सहा झाडांचे नंबर मी वहीत लाल शाईनं गिरवून ठेवलेत.

तरी मावा अजिबात नसलेल्या झाडामागे मी लागत नाही. हॉलंडमध्ये लेट्यूसच्या माव्यासाठी एका रानटी भाऊबंदातून एकच जनुक आणलं होतं. सरळ संकर जमेना म्हणून मध्ये दुसऱ्या रानटी जातीचा पूल घालावा लागला. वर्षानुवर्षं ते वाण टिकले, आणि 2007 च्या सुमारास त्यांच्यावरही पोसणारा मावा युरोपात निघाला. केवडा रोगाचंही तेच. एकेका जनुकावर उभं केलेलं वाण यायचं आणि रोगाची नवी जात त्याला पाडायची. त्या जातींना क्रमांक देतात, तो आकडा तिशी कधीच ओलांडून गेलाय.

हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे त गुलाबी अळीसारखंच झालं, बाई." 2002 मध्ये बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा आला, आणि 2017 मध्ये आमच्याच वावरात बोंड फोडलं की आत अळी. बाबांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातला, तो दिवस मी विसरणार नाही.

म्हणून मी असं झाड शोधते, ज्यावर मावा येतो पण वाढत नाही. आज पाच दिसले, आठ दिवसांनी सात. शेजारच्या झाडावर तेवढ्याच दिवसांत दोनशे. अशा झाडात बहुधा बरीच जनुकं थोडा थोडा हात लावत असतात, त्यामुळे माव्याला एका फटक्यात ती मोडता येत नाहीत. निवड सावकाश होते, इथल्या उन्हात वर्षाला एकच पिढी निघते, हे खरं. मला घाई नाही.

यंदाची तिसरी पिढी त्या सहा झाडांच्या सहा कुळांची, प्रत्येकी वीस झाडं. आज सहावं कूळ चाखून झालं. चौथ्या कुळातलं 11 नंबरचं झाड अजून बसकं आहे, शेजारची सगळी गुडघ्याएवढी उंच झालीत. त्याच्या आतल्या पानात भिंगातून चारच मावे दिसले, आणि पान, फेब्रुवारी संपत आली तरी, काकडीसारखं लागतं. त्याच्यासाठी मलमलच्या पिशव्या शिवून ठेवल्यात. पिकलं की बियांना म्हातारीसारखा पिसारा फुटतो, आणि दुपारचा वारा एक बी मागे ठेवत नाही.