गुरुजींची टाच

आमच्याकडे पोकरचा हिशेब धान्यात चालतो. तुरीचा दाणा एक रुपयाचा, हरभरा पाचाचा आणि भुईमुगाची शेंग दहाची. शेंगेच्या बाबतीत आम्ही चुकलो हे पहिल्याच रात्री कळलं. दोन तासांत शे-दीडशे रुपयांची टरफलं सतरंजीवर पडली होती आणि कोण जिंकलं ते कुणालाच सांगता येईना. आता दहासाठी करंजाची बी ठेवतो. ती कुणी खात नाही.

जागा म्हणजे देवळी तालुक्यातल्या आमच्या गावच्या कृषी केंद्रामागची गोदामाची खोली. मधे उलटं ठेवलेलं खोकं, भोवती खताची पोती, पोत्यांवर आम्ही पाच जण. शेठ दुकानाचा मालक. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे. डॉक्टर गुरांचे. सरपंच एकदाच सरपंच झाले होते, पण हे पद आमच्याकडे माणसाला जन्मभर चिकटतं. पाचवा मी, नऊ एकरांचा कास्तकार.

पत्ते तसे आधीपासूनचेच. पोळ्याला पत्ते कुटले नाहीत तर बैल रुसतील की काय, इतकी जुनी चाल. पण ती तीन पत्तीची आणि रमीची. पोकर आणलं गुरुजींच्या पुण्यातल्या भाच्यानं, लॉकडाऊनमध्ये गावी अडकला तेव्हा. तो मोबाइलवर पैसे लावून खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, भाचा सुटला. आम्हाला कायद्याचा काही त्रास झाला नाही. गोदामात रेंजच येत नाही.

गुरुजींना या खेळात गणित सापडलं. हातात दोन पत्ते येतात, त्यांच्या जोड्या होतात 1326, त्यात एक्का-एक्का फक्त सहा. म्हणजे 221 डावांत एकदा. हे त्यांनी खताच्या पोत्यावर खडूनं मांडून दाखवलं होतं. ते पोतं शेठनं पुढे तसंच विकलं.

पण खरं सांगायचं तर आमचं पोकर हे पोकर नव्हतंच. हा खेळ लपवण्याचा. हातात काही नसताना असल्यासारखं बसायचं आणि समोरच्याला पत्ते टाकायला लावायचं. आता आम्ही पाच जणांनी एकमेकांपासून लपवायचं तरी काय? माझी कितीची उधारी आहे ते शेठच्या वहीत. शेठला साखर आहे ते गावभर. सरपंचांची म्हैस का आटली ते डॉक्टरांना म्हशीच्या आधी कळलं होतं. तीस वर्षं अशी गेल्यावर चेहऱ्यावर पडदा कसला येतो? चांगले पत्ते आले की शेठचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटायचा हात थांबतो. डॉक्टर एकदम अदबीनं बोलायला लागतात, 'घ्या ना, तुम्ही आधी.' सरपंच योजनांवर घसरतात. माझं काय होतं ते मला ठाऊक नाही, मित्र सांगत नाहीत, आणि मी हरत राहतो त्यावरून काहीतरी होत असणार.

गुरुजींची टाच. चांगला हात आला की गुरुजींची उजवी टाच चपलेतून वर येते. चेहरा तोच, वर्गात हजेरी घेणारा. पण टाच वर आली की आम्ही चौघं मुकाट पत्ते टाकतो. गुरुजींना वाटतं, लोक आपल्या गणिताला घाबरतात.

म्हणजे आम्हाला लपवता येत नाही असं मात्र नाही. बैलबाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. वर दोघं पावसापाण्याचं बोलतायत, खाली बोटं हजारांचं बोलतायत, आणि शेजारी उभ्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही. माझे वडील त्यात पटाईत होते. घरी तीन दिवसांवर लग्न असताना, पैशांची नड असताना, 'नाही विकायची जोडी, सहज आणली फिरवायला' असं म्हणून ते जोडी परत न्यायला वळले होते. हेडी मागे धावला. पोकरवाले ज्याला ब्लफ म्हणतात तो हाच. पण तो परक्यांशी. त्याच वडिलांना आईसमोर विडी लपवता आली नाही.

तर, कॅसिनो. परक्यांशी खेळून पाहू, ही कल्पना शेठची. 'वीकेंडला गोव्याले जाऊ,' तो म्हणाला. वीकेंड हा शब्द त्यानं बियाणं कंपनीच्या पोरांकडून उचललाय. आमचा वीकेंड म्हणजे गावच्या बाजाराचा दिवस. शिवाय वर्ध्याहून मडगावची गाडी आठवड्यातून दोनदा. बुधवारी निघायचं तेव्हा सोमवारी रात्री घरी. दोन रात्रींच्या जुगारासाठी सहा दिवस. संक्रांत झाली होती, कापूस बराचसा घरात आला होता, तूर खळ्यात होती. निघालो.

घरी सांगितलं की काजूची लागवड पाहायला चाललो. बायको म्हणाली, 'काहो, काजू पाहाले पाच मानसं लागते काय?' मी म्हटलं, अभ्यास दौरा आहे. 'आन् गुरुजीचे बूट कायले पॉलिश करून रायले?' लग्नाला पस्तीस वर्षं झाली. तिनं डब्यात तीळपोळ्या बांधून दिल्या आणि वर सांगितलं, 'हारान तं किलोभर काजू आनजा, जिंकान तं दोन किलो.'

गाडीत सरपंचांनी कायदा सांगितला. त्यांना शासननिर्णय वाचायची सवय आहे, ती पद गेल्यावरही सुटली नाही. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा 1887 चा, इंग्रजांचा, तो अजून चालू. मात्र 1976 साली महाराष्ट्रानं कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. आणि त्याच 1976 साली गोव्यानं केला जुगार बंद करणारा कायदा! त्यालाच पुढे 1992 मध्ये दुरुस्तीची खिडकी पाडली आणि त्या खिडकीतून आज अख्खी जहाजं आत येतात. 'म्हंजे ज्यानं हो म्हटलं त्याच्याकडं नाई, आन् ज्यानं नाई म्हटलं त्याच्याकडं हाय,' डॉक्टर म्हणाले. सरपंचांनी आणखी एक काढलं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला. ट्रॅक्टरवरचा 12 वरून 5 वर आला आणि कॅसिनोवरचा 28 वरून 40 वर गेला. यावर शेठ बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, 'आपन उलट्या दुकानात चाललो बे.'

ते नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचंही बोलणं निघालंच. पहिल्या आराखड्यात पवनार ते पत्रादेवी, 802 किलोमीटर. पवनारला विनोबांचा आश्रम आहे आणि दुसऱ्या टोकाला गोवा. विनोबांच्या दारातून निघालेली गाडी कुठं थांबणार, यावर गुरुजींनी विषय बदलला.

पणजीला मांडवीत ती जहाजं उभी असतात, रात्री लग्नाच्या मांडवासारखी उजळलेली. धक्क्यावरून छोट्या बोटीनं नेतात. चप्पल चालत नाही, म्हणून गुरुजींनी मुलीच्या लग्नात घेतलेले बूट चढवलेले. खर्रा दारातच गेला. शेठच्या खिशातून पुड्या निघतच राहिल्या, तेव्हा तपासणारा पोरगा मोजायचं सोडून हसायला लागला.

आत घड्याळ दिसलं नाही. खिडकीही नाही. जेवण आणि पिणं तिकिटातच. वर्धा जिल्ह्यात दारूबंदीला पन्नास वर्षं होऊन गेली. मिळत नाही असं नाही, पण उजेडात, ट्रेमध्ये, 'सर' म्हणून कुणी हातात देतं हे आमच्या पिढीनं पाहिलेलं नाही. डॉक्टर ग्लास घेण्याआधी दोनदा मागे वळून पाहत होते.

रुलेटच्या आकडे लिहिलेल्या चाकापाशी गुरुजी थांबले. शून्य ते 36, म्हणजे 37 घरं. सगळ्या आकड्यांची बेरीज त्यांनी उभ्या उभ्या केली, 666. मग म्हणाले, प्रत्येक घरावर एक-एक रुपया ठेवला तर 37 लागले, लागलेल्या घराचे 35 मिळाले आणि ठेवलेला एक परत, हाती आले 36. एक गेला. शंभरामागे दोन रुपये सत्तर पैसे, कायम. आम्हाला वाटलं शेठ चिडेल. तो म्हणाला, 'शंभरामांगं पावनेतीन? हे तं फुकट झालं. आपल्याकडं कापसाच्या ओलाव्यातच याच्याहून जास्त जाते.' आणि समाधानानं खेळायला बसला. तास-दीड तासात त्याचे सगळे गेले. पावणेतीन टक्के प्रत्येक फेरीला कापले जातात आणि चाक थांबत नाही, हे त्याच्या हिशेबात धरायचं राहिलं. कापूस निदान वर्षातून एकदाच मोजला जातो.

अंदर-बाहर, तीन पत्तीही होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सरपंच हरले आणि मी हरलो.

पोकरची खोली वेगळी, शांत. तिथं बसायचे पैसे एकट्याला झेपणारे नव्हते. मग गणपतीला काढतो तशी वर्गणी काढली आणि गुरुजींना बसवलं. आम्ही चौघं कठड्याबाहेर उभे. डीलर पोरगी प्रत्येक डावातून चार-दोन टोकन उचलून टेबलातल्या फटीत सरकवत होती. शेठनं लगेच ओळखलं. 'नाल काढून रायली!' ज्याच्या घरी डाव बसतो त्याचा वाटा म्हणजे नाल. गोदामात शेठ आमच्याकडून रात्रीमागे एक चहा घेतो. इतक्या लांब येऊन त्याला पहिल्यांदाच आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं होतं.

गुरुजी पहिला तासभर पत्ते टाकतच राहिले. थोडं यायचं, थोडं जायचं. आमची नजर टेबलावर नव्हतीच. आम्ही खाली, बुटाकडे पाहत होतो. समोर काळा चष्मा लावलेला एक पोरगा होता, भाच्याच्या वयाचा. तो टोकनं एका हातानं अशी फिरवायचा की बघत राहावं.

मग तो डाव आला. मधे सगळ्यांची सामाईक पानं उघडत गेली. बदामाची नव्वी, बदामाची राणी, किलवरची चौकी. मग इस्पिकची सत्ती. शेवटच्या पानाला तिकडे रिव्हर म्हणतात. आम्ही त्याला यशोदा म्हणतो, कारण आमच्याकडची नदी तीच. यशोदा आली बदामाची दुर्री. बदामाची तीन पानं खाली. ज्याच्या हातात आणखी दोन, त्याचा कलर. पोरग्यानं मोठा ढीग पुढे केला.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. आम्ही बुटाकडे पाहिलं. टाच बुटातच, जागच्या जागी. म्हणजे हातात काही नाही. शेठ पुटपुटला, 'टाका गुरुजी, टाका.' आणि गुरुजींनी दोन्ही हातांनी, खळ्यातली रास सारावी तशी, आमची सगळी वर्गणी पुढे ढकलली.

पोरगा बघत राहिला. धोतराच्या वयाचा माणूस, पँटमध्ये शर्ट खोचलेला, बुटांना पॉलिश. त्यानं गुरुजींच्या चेहऱ्यावर काय काय शोधलं असेल! तिथं नुसती हजेरी चालू होती. बऱ्याच वेळानं त्यानं पत्ते टाकले. गुरुजींनी ढीग ओढला, आपले दोन पत्ते पालथेच डीलरकडे सरकवले आणि उठले.

गोदामात डाव संपला की सगळे पत्ते उघडतात, नाही उघडले तर दुसरा हात घालून उघडतो. तिथला नियम तसा नाही. समोरच्यानं सोडलं तर दाखवायचं बंधन नाही. पैसे भरले असते तर दिसले असते.

बोटीत आम्ही घेरलं. 'गुरुजी, काय होतं?' ते हसले. 'पाहाचं असन तं पैसे भरा लागते.'

आनंद व्हायला हवा होता. वर्गणी दुपटीहून जास्त होऊन परत आली होती. पण आमच्यात एक विचित्र शांतता पसरली. गुरुजींनी धादांत खोटं, चेहऱ्याची सुरकुती न हलवता, परक्या पोराला पचवलं होतं. मग तीस वर्षांत आम्हाला काय काय पचवलं? सरपंचांना 2012 च्या निवडणुकीतलं गुरुजींचं मत आठवलं. शेठला एक उधारी आठवली. मला माझ्या पोराचे दहावीचे गणिताचे मार्क आठवले. गुरुजींनीच सांगितलं होतं, 'पोरगं हुशार हाय.'

धक्क्यावर उतरल्यावर गुरुजींनी बूट काढून हातात घेतले. उजव्या टाचेला हा एवढा फोड. डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात, बैलाचा खूर बघावा तशी ती टाच तपासली. 'बूट तंग हाय. टाच वर याले जागाच नव्हती,' ते म्हणाले. 'म्हंजे हात चांगला असू शकते.' शेठ म्हणाला, फोड चालून आला असेल. डॉक्टर म्हणाले, चालून आला असता तर दोन्ही पायांना असता. डावी टाच पाहिली. तिच्यावर जुनी भेग होती, त्यावरून काही ठरेना. मडगावपासून वर्ध्यापर्यंत, अख्खा एक दिवस आणि वर काही तास, आमचा हाच खटला चालला. आरोपी वरच्या बर्थवर झोपला होता.

घरी काजू नेले, दोन किलो. बायकोनं पुडा तोलून पाहिला आणि म्हणाली, 'गुरुजी खेळले वाट्टे.'

पुढच्या शनिवारी गोदामात डाव बसला. तुरी, हरभरे, करंजाच्या बिया वाटून झाल्या. गुरुजी आले, पोत्यावर बसले आणि पत्ते वाटायच्या आधीच उजवी चप्पल काढून त्यांनी बाजूला ठेवली. टाच फरशीपासून चार बोटं वर. शेठनं माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. कुणी काही बोललं नाही.

माझ्या हातात दोन राण्या होत्या. मी पत्ते टाकले.